मिसेस बघतात

निवृत्त मास्तरला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी जरा जास्तच खूश झालो. सोलापुरातल्या ज्या दवाखान्यात मी साखरेची औषधं घेतो, तिथं मधुमेही लोकांच्या पायांचा अभ्यास झाला होता. त्यात मीही होतो. आता निष्कर्ष त्याच लोकांना गावोगावी जाऊन सांगायचे होते, आणि त्यांचा कागद सोप्या मराठीत करायला एक पेशंट हवा होता. जन्मभर मराठी शिकवलेला पेशंट आयताच हाताशी होता.

मी त्या कागदाची पार चाळण केली. 'संवेदनाऱ्हास' खोडून 'पायाला लागलेलं न कळणं' असं लिहिलं. एका वाक्यापाशी मात्र अडलो. ज्यांच्या घरातलं दुसरं माणूस रोज तळपाय बघतं, त्यांच्या जखमा लवकर सापडल्या, असं ते वाक्य होतं.

अभ्यास चालू असताना दर महिन्याला नर्सचा फोन यायचा. "सर, पाय कोण बघतं?" मी सांगायचो, "मिसेस बघतात." खरंच बघायची. जेवणं झाली की चष्मा चढवून माझे पाय मांडीवर घ्यायची आणि टाचांवरून मला यथेच्छ बोलायची. मग ती गेली, अचानक. तेरावं होऊन आठवडा झाला नाही तोच फोन आला आणि माझ्या तोंडून निघालं, "मिसेस बघतात." पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. फसवायचं मनात नव्हतं. पण त्या एका प्रश्नापुरती ती घरात असायची, आणि तेवढं मला सोडवत नव्हतं.

म्हणजे त्या वाक्यात माझं खोटंही मिसळलेलं होतं. डॉक्टरीणबाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि कागद परत दिला.

पहिली बैठक मोडनिंबच्या समाजमंदिरात होती; कागद वाचून दाखवायला डॉक्टरीणबाईंनी मलाच सोबत नेलं होतं. लोक पिशव्यांत फायली घालून आले होते. "माजा रिपोर्ट कुटं हाय?" हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. हा एकट्याचा नाही, सगळ्यांचा मिळून निकाल आहे, हे पटवता पटवता माझा घसा बसला. मग कागद वाचत वाचत मी त्या वाक्यापाशी आलो.

पुढं बसलेली एक धनगर आजी म्हणाली, "आन घरात कुनीच नसंल तर? पोरगं मेंढरं घिऊन लांब गेलंय."

"आजी, पायाखाली आरसा ठेवायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला आरसाच दिसत न्हाय की!" सगळे हसले. आजी हसली नाही. तिनं मलाच विचारलं, "तुमचं पाय कोन बघतं वं, मास्तर?"

ठरलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

"कुणी नाही," मी म्हणालो. "बायको गेली. फोनवर मी खोटं सांगत होतो."

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "कधीपासून, सर?"

"ती गेल्यापासून. शेवटच्या फोनपर्यंत."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आजीला आमच्या अभ्यासाशी काही देणंघेणं नव्हतं. "चप्पल काडा," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही मोठ्या. तुमच्यापुढं पाय कसा करू?"

"आमी मेंढरांचं खूर असंच बघतो. गप बसा."

तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला. डोळ्यांना दिसत नसल्यामुळं ती अंगठ्यानं चाचपत गेली, टाचेपासून बोटांपर्यंत. चवड्यापाशी थांबली. "हितं काय तर हाय. काटा हाय बगा."

डॉक्टरीणबाई वाकल्या. काटा खोल होता आणि भोवती पू धरला होता. "हा कधी लागला, सर?"

मला माहीत नव्हतं.

"दुकतंय का?" आजीनं दाबून विचारलं. मी मान हलवली, नाही. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पायाला हात लावला होता. आजीचा अंगठा रुतलेला मला डोळ्यांनी दिसत होता, पण तळपायाला तो हात कळतच नव्हता.