पुढे अनोळखी, मागे पिवळ्या

माझा धाकटा भाऊ बोलत नाही आणि मी गप्प बसत नाही. देवानं दोघांच्या वाटणीचे शब्द हिला एकटीलाच देऊन टाकले, असं आई म्हणायची. तेव्हा त्याची गोष्टही मलाच सांगावी लागणार. तो काही सांगायचा नाही, आणि सांगितलीच तर माझं नाव वगळून सांगेल.

त्याला सगळे पिवळ्या म्हणतात. पोराच्या लग्नातसुद्धा त्याच्या नखांत पिवळा रंग होता. नदीच्या घळीतून जाणाऱ्या पायवाटेवर खुणा रंगवायच्या, हे त्याचं काम. वाट सुरू होते माझ्या चहाच्या दुकानापासून. इथून उतरून नदीला लागायचं, दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून जायचं, मग ओकच्या जंगलातून वर चढून पलीकडच्या गावात बसथांब्यावर निघायचं. चार-पाच तासांची चाल. दगडावर नाहीतर झाडावर तळहाताएवढा पिवळा पट्टा दिसला की समजायचं, आपण बरोबर आहोत. हे पट्टे चोवीस वर्षं तो एकटा रंगवत होता. दर वर्षी जुन्यावर नवा हात. काही खुणांवर रंग इतका जाड बसला होता की नख मारलं तरी दगड लागायचा नाही.

पण त्याची खरी हुशारी रंगात नव्हती. फिरायला येणाऱ्यांचा हंगाम सुरू होण्याआधी तो एक चाचणी घ्यायचा. ज्यानं ती वाट जन्मात पाहिली नाही असा माणूस गाठायचा, त्याला पुढे घालायचा, आणि स्वतः चाळीस पावलं मागून चालायचा. पुढचा जिथं थबकेल, तिथं नवी खूण.

"ज्याला वाट पाठ आहे ना ताई, त्याला खूण कुठं हवी ते कधीच कळत नाही," असं तो म्हणायचा. वर्षभरात त्याच्या तोंडून निघालेलं हे सर्वांत लांब वाक्य.

दवाखान्यातली नवी नर्स, बदलून आलेला पोस्टमन, शाळेतल्या नव्या बाई, सगळ्यांना त्यानं असं पुढे घातलं होतं. तो तीन अटी सांगायचा. मागे बघायचं नाही. मला काही विचारायचं नाही. आणि मी हाक मारली तरी वळायचं नाही. ही तिसरी अट शाळेतल्या बाईंमुळे आली. हा नुसता खोकला तरी त्या वळून त्याचा चेहरा वाचायच्या. शिवाय घळीत आवाज कड्यावर आपटून भलतीकडूनच येतो, आणि चुकलेला माणूस आवाजाच्या मागे जातो. म्हणून खुणेचं ऐकायचं, माणसाचं नाही.

दर वर्षी तो मला विचारायचा, "ताई, या वेळी तू चल की. तुझ्याइतकं अनोळखी दुसरं कोण आहे?"

"अरे, माझे गुडघे बघ आणि मग बोल," मी म्हणायची. "मी घळीत अडकले तर मला वर काढायला क्रेन आणशील का?"

तो हसायचा आणि दुसरं कुणीतरी शोधायचा. तीस वर्षं वाटेच्या तोंडाशी दुकान, पण वाटेवर माझं पाऊल म्हणून पडलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण गल्ल्यावर बसून सांगायला काय जातंय? तिसऱ्या वळणावर पाणी भरून घ्या, ओकांच्या पानांवरून पाय घसरतो, काठी असू द्या. सगळी ऐकीव माहिती, आणि मी ती अशी ठणकावून सांगायची, जणू रोज सकाळी तिकडूनच फिरून येते.

मागच्या वर्षी मोठा पूर आला. घळीत एका जागी वाट कड्याच्या अंगावर कोरलेली होती, खाली सरळ नदी. तिचा खोलीभर लांबीचा तुकडा पुरानं खाऊन टाकला. तो तुटका भाग कोपऱ्याच्या पलीकडे होता. कोपरा वळेपर्यंत काही दिसायचं नाही, आणि वळल्यावर पाय टाकायला जागा नाही. त्याला पगार देणाऱ्या वन खात्याच्या ऑफिसनं सांगितलं, अलीकडच्या फाट्यावरून वाट उजवीकडे ओकांच्या जंगलात वळवा आणि जुन्या खुणा झाका.

नव्या खुणा पिवळ्यानं चार दिवसांत रंगवल्या. जुन्या एक्केचाळीस झाकायला मात्र त्याचा हात चालेना. स्वतःच्याच पोरांच्या तोंडावर बोळा फिरवल्यासारखं वाटतं, म्हणाला. शेवटी मुलाच्या लग्नात घराच्या भिंतीला दिलेला राखाडी डिस्टेंपर उरला होता, तो नेला आणि एकदाच काय तो हात फिरवून आला. खूण करण्यात पटाईत माणूस, पण खूण पुसायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. जुन्या तेलरंगाच्या गुळगुळीत थरावर पाण्यातला रंग टिकत नाही, हे घर रंगवणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तो दुकानात आला. "ताई, उद्या मी परत येईपर्यंत कुणाला खाली सोडू नकोस."

"बरं बाबा, नाही सोडत. मी काय दारात बसून माणसं ढकलते का?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एक नवरा-बायको आली. दोघं साठीच्या पुढची. तो घड्याळं दुरुस्त करणारा, नुकतंच दुकान पोराच्या हाती देऊन मोकळा झालेला. चहा उकळेपर्यंत त्यानं माझं भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवलं, खिशातून बोटभर पेचकस काढला आणि पाच मिनिटांत ते चालू करून दिलं. बायको म्हणाली, "यांना बंद घड्याळ दिसलं की चहा गोड लागत नाही." मला ती दोघं फार आवडली.

मग तिनं विचारलं, "पुरानंतर वाट ठीक आहे ना हो?"

नाही सोडत म्हणाले होते ना मी? कपाळ माझं! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "अहो, माझ्या भावाच्या खुणा आहेत त्या," मी म्हणाले. "पिवळा पट्टा दिसला की डोळे मिटून जायचं. चोवीस वर्षांत एक माणूस चुकलेला नाही."

ती दोघं गेली. पेचकस गल्ल्यावरच राहिला होता. मी हाक मारली, पण ती वळणापलीकडे पोचली होती.

अर्ध्या तासानं पिवळ्या आला. सोबत त्याची सून. घरात येऊन तिला आठ महिने झाले होते, पण सासरा तिच्याशी थेट कधी बोलला नव्हता. जे काय असेल ते बायकोमार्फत. या वर्षी अनोळखी माणूस मिळाला नाही, तेव्हा तीच म्हणाली होती, "बाबा, मी येते." बिचारी आनंदात होती. नवे बूट घालून आली होती, आणि तिन्ही अटी सासूनं तिच्याकडून घरूनच पाठ करून घेतल्या होत्या.

पिवळ्यानं मला विचारलं, "कुणी गेलं नाही ना?"

आता खरं सांगितलं तर हा चारचौघांत सुनेसमोर माझ्यावर डाफरणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. "एवढ्या सकाळी कोण जातंय?" मी म्हणाले आणि कप विसळायला लागले. घड्याळाची टकटक इतकी मोठ्यानं ऐकू येत होती की वाटलं, हा आता वर बघणार. त्यानं बघितलं नाही.

पुढचं मला सुनेनं सांगितलं. घळीत त्या दिवशी ऊन उतरलंच नव्हतं. पाखरू बोलत नव्हतं, नुसता पाण्याचा घोष. ती खुणा बघत चालत होती आणि एकदाही अडली नव्हती. फाट्याशी आली तर समोरच्या खडकावर ठसठशीत पिवळा पट्टा. उजवीकडच्या ओकावरही एक होता, पण तो फांदीच्या सावलीत. तिनं मोठा पट्टा धरला आणि सरळ निघाली.

चाळीस पावलं मागून पिवळ्या फाट्यावर पोचला. खडकाच्या पायथ्याशी राखाडी पापुद्रे पडले होते, कांद्याच्या सालीसारखे. नदीच्या दमट हवेनं रंग सुटला होता आणि आतली जुनी खूण जशीच्या तशी वर आली होती. सून कुठंच दिसत नव्हती. दुखऱ्या गुडघ्यावर तो धावत सुटला.

कड्याच्या वाटेवर तिची पाठ दिसली. तुटका कोपरा तिच्यापुढे दहा पावलांवर.

"थांब!" तो ओरडला.

तिनं ऐकलं. पण मागे वळायचं नाही, हाक मारली तरी नाही. बाबा परीक्षा घेतायत, तिला वाटलं. उलट ती आणखी झपाझप पावलं टाकू लागली.

"पोरी, थांब गं! खूण खोटी आहे!"

सासऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा हाक आली आणि तीसुद्धा तिनं अट म्हणून सोडून दिली. ती मला सांगत होती, "आत्या, मी हसत होते हो. म्हटलं, मी काही फसायची नाही."

मग त्यानं हातातला रंगाचा डबा उचलून फेकला. तो तिच्या खांद्यावरून गेला, पुढ्यातल्या दगडावर आपटला, पिवळा रंग वाटभर सांडला आणि डबा गडगडत कोपऱ्यापलीकडे गेला. ती रंगापाशी थांबली. डबा खाली पडल्याचा आवाज येईल म्हणून दोघं थिजून उभी राहिली. आवाज आला तो माणसाचा.

"वर कोणी आहे का?"

घड्याळवाल्याची बायको दोन माणसांच्या उंचीइतकी खाली एका कपारीत पडली होती, पाय मोडलेला. नवरा पुढे होता. त्याचा देह दुसऱ्या दिवशी नदीवरच्या पुलाखाली सापडला.

चौकशी झाली. पिवळ्यानं सांगितलं, रंग माझा, चूक माझी. साहेबांनी विचारलं, चाचणीआधी माणसं आत गेलीच कशी? तो म्हणाला, लक्ष ठेवणं माझं काम होतं. मी शेजारच्या बाकावर बसले होते. जन्मभर बडबड केली, आणि नेमकं त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. भावाचं काम गेलं. जाण्याआधी त्यानं छिन्नी घेऊन त्या एक्केचाळीस खुणा दगडापर्यंत खरवडून काढल्या. हाताची सालं निघाली. मला मात्र एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच मला सोसत नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन महिन्यांनी ती बाई आली. कुबडी घेऊन, एकटी. पिवळ्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. हल्ली तो तिथंच बसतो. मी पेचकस तिच्यापुढे ठेवला. तिनं तो रुमालात गुंडाळला.

पिवळ्या उठून उभा राहिला. "बाई, चूक माझी होती. खूण माझी होती."

"तुम्हाला नाही विचारायचं मला," ती शांतपणे म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, डोळे मिटून जा?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"तुम्ही त्या वाटेनं कधी गेला होतात?"

पिवळ्या माझ्याकडे बघत होता. वर घड्याळ चालू होतं, मिनिटाचाही फरक नाही.

"नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही."