डोकं धरायला माणूस

"सोबत कोण आलंय?" ह्या प्रश्नाचा मला लई राग यायचा. बीडच्या दवाखान्यात शिरलं की दारातला माणूस हेच विचारणार, आत गेलं की नर्सबाई हेच विचारणार. अरे बाबांनो, दुष्काळाचं साल, ऊसतोडीचे दिवस, निम्मं गाव फडावर. पोरगा-सून कोयते घेऊन कारखान्याला गेलते आन् नातवंडं सांभाळायला बायकोबी त्यांच्यासंगं गेलती. मागं राहिलो मी आन् दोन बैल, तेबी घरी न्हाई, सोसायटीनं माळावर काढलेल्या चारा छावणीत. सोबत काय बैल आणू?

साखरेच्या आजारानं उजवा डोळा आधीच गेलता. आता डाव्याच्या आत रक्त पाझरायला लागलं. डॉक्टरांनी शिरेत रंगाचं औषध टोचून डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला आन् कॉम्प्युटरवर दाखवला. पळसाच्या पानावर असतात तशा बारीक शिरा, मधूनमधून फुटलेल्या.

"ह्या फोटोवर मी खुणा करणार आणि मशीन तिथंच लेसर मारणार," डॉक्टर म्हणाले. "पण डोकं हलता कामा नये. पडद्याच्या मधोमध इजा झाली तर माणसाचा चेहरा ओळखू येणार नाही."

मनात म्हणलं, चेहरा बघायला आधी समोर माणूस तर पाहिजे! पण खरं सांगतो, भ्यालो होतो. पोराला फोन केला. तो म्हणला, "बापू, कसा येऊ? मुकादम सोडतोय व्हय?" त्याचं तरी काय चुकलं?

लेसरच्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून बाकड्यावर बसवलं. सगळं धुरकट. शेजारून एका बाईचा आवाज आला, "कुठलं गाव, दादा?" ती शिरूरकडची, नवऱ्याचा डोळा दाखवायला आलती. जरा बरं वाटलं, तेवढ्यात मला आत बोलावलं.

हनुवटी टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं, डोळ्यावर भिंग बसवलं. हिरवा उजेड चमकला आन् मी दचकून मागं. मशीन थांबलं. परत तेच, आन् परत तेच.

"असं नाही चालणार, बाबा. तुमच्या माणसाला बोलवा, मागून डोकं धरू दे."

"न्हाई कुणी," मी म्हणलं. आवाज माझाच मला परका वाटला. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकताना मी त्याची मुंडी मांडीवर घेऊन बसायचो, हात फिरवायचो, तेव्हा कुठं जनावर निवांत पडायचं. जनावराला माणूस होता. मला न्हवता.

"मी धरते की!" दारातून आवाज आला. तीच बाकड्यावरची बाई. तिनं मागून दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं. कोयत्याच्या घट्ट्यांचे खरबरीत हात. "कावून घाबरायलाव, दादा? मी हाय न्हवं."

किती दिवसांनी कुणी हात लावला होता मला! रडूच फुटलं. डॉक्टर खेकसले, "अहो, पाणी आणू नका, आतलं दिसत नाही!" तिनं पदरानं डोळा टिपला आन् डोकं परत घट्ट धरलं. मग उजेड चमकत राहिला, आत सुया टोचत राहिल्या, पण मी हललो न्हाई.

संपलं तवा सगळं जांभळं दिसत होतं. मी तिच्याकडं वळलो, तर नुसता एक डाग. "ताई," म्हणलं, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा नंबर लागला. दार लागलं. लई वेळ थांबलो. पण छावणीत बैल पाण्यावाचून उभे असतील म्हणून उठलो आन् चाचपडत एसटीला गेलो.

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपली आन् माणसं घेऊन ट्रक गावात आला. एकेक जण खाली उतरला आन् मला एकेकाचा चेहरा लख्ख दिसला. बायको करपली होती. "काय टक लावून बघायलाव?" म्हणून लाजली. मी बघतच राहिलो.

तेवढा एक चेहरा मातर राहिला. आजबी मांजरसुंब्याला एसटी थांबली आन् शिरूरकडची बाई बोलताना कानावर आली, की मी डोळे मिटून ऐकतो.