दादाचा खण

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या वाशीच्या घरात नव्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि त्यात लालबागच्या चाळीतून ट्रकने आणलेलं सगळं सामान. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. खाडीच्या अलीकडे येऊन सात-आठ वर्षं झाली तरी काही बोचक्यांच्या गाठी आम्ही सोडल्याच नव्हत्या. बंद पडलेला स्टोव्ह, मोडक्या छत्र्या, सुतळीचे गुंडे, दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं. यातलं काही टाकू का विचारलं की आईचं उत्तर तयार असे, "तुझ्या डोक्यावर आहे का? राहू दे तिथंच."

एका रविवारी मी बाह्या सरसावल्या. भंगारवाल्याला दोनदा बोलावलं, माळा खाली केला, आईशी चार वेळा भांडलो. बाबा पेपर घेऊन जिन्यात जाऊन बसले. आमच्या वाटेत न येणं ही त्यांची मदत करायची पद्धत होती. संध्याकाळपर्यंत फक्त लोखंडी कपाट उरलं. त्याला चार खण. वरचा बाबांचा, त्याखालचा आईचा, तळातला पांघरुणांचा आणि मधला दादाचा. माझे कपडे पत्र्याच्या ट्रंकेत आणि खुंटीवर असत. येणाऱ्या मुलीला निदान एक खण तरी हवा होता, आणि रिकामा करता येईल असा एकच होता.

दादा माझा थोरला भाऊ. रबाळ्याला एका कारखान्यात फिटर होता. चार वर्षांपूर्वी एका सकाळी पहिल्या पाळीला म्हणून डबा घेऊन निघाला, तो कारखान्यात पोचलाच नाही. भांडण झालं नव्हतं, चिठ्ठी नव्हती. पोलीस चौकी झाली, इस्पितळं झाली, गावाकडे पत्रं झाली. कुठेच काही नाही. शेजाऱ्यांना आई सांगायची, "मोठा बाहेरगावी असतो नोकरीला." सोसायटीतल्या बायका मान डोलवायच्या. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी मी रडलो असेन, आता नीट आठवत नाही. पुढे सगळं बधिर झालं, दात काढल्यावर हिरडी होते तसं. दादाचा विषय निघाला की मी मनातल्या मनात ऑफिसची कामं आठवत बसायचो.

राग मात्र यायचा, आणि तो आईचा यायचा. खाडीकडच्या दमट हवेने घडीच्या कपड्यांना बुरशी धरते, म्हणून ती दर पंधरा दिवसांनी त्याचे सात शर्ट आणि चार पँटी गॅलरीत वाळत घालायची. मग ते इस्त्रीवाल्याकडे जायचे. माझ्या शर्टांना इस्त्री लग्नकार्यापुरती, आणि अंगात घालायला कुणी नसलेल्या शर्टांना कडक घडी! एकदा मी हे बोलून दाखवलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यामुळे खणाचं कसं काढावं या विचारात मी कपाटासमोर उभा होतो. तर आईनेच दार उघडलं. शर्टांवरून हात फिरवून म्हणाली, "चार वर्षांत अंग भरलं असेल त्याचं. हे कुठे व्हायला बसलेत त्याला? आला की नवे शिवू. हे बोहारणीला देऊन टाकू. तिला तांदळासाठी डबा होईल."

तिला म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोला. मी सुटकेचा निःश्वास सोडला. दादा येणार हे आईने धरूनच ठेवलं होतं, आणि त्यावर वाद घालायचा नाही हे आम्हा बापलेकांचं न बोलता ठरलेलं होतं. मला खण हवा होता. तो मिळत होता.

पुढच्या शनिवारी मी ऑफिसचा अर्धा दिवस भरून घरी आलो, तेव्हा बोहारीण दारात येऊन बसली होती. जुने कपडे घेऊन त्यावर स्टीलची भांडी देणारी ही बाई मुंबईहून बसने यायची, डोक्यावर भांड्यांची टोपली आणि खांद्याला गाठोडं. घासाघीस करण्यात आईचा हात धरणारं आमच्या इमारतीत कुणी नव्हतं. शर्ट पुढे ठेवले की बोहारीण डबा एक नंबर लहान काढायची, आई नाक मुरडायची आणि एक पँट वर ठेवायची. शेवटी झाकणाचा मोठा डबा बाहेर आला. आईने त्याच्यावर हात ठेवला.

बोहारीण एकेक शर्ट उजेडात धरून बघत होती. चौथ्या शर्टावर ती थांबली.

"ताई, कुनाचे हायेत हे?"

"माझ्या मोठ्या मुलाचे."

"समदे एका मापाचे. कॉलर कुठं घासलेली नाय. वर इस्त्री. असं कापड कोन देतं?" तिचा आवाज खाली आला. "राग नको मानू ताई. मानूस हाय ना? गेलेल्याचं कापड मी घेत नाय. मला बाधतं, आनि घेनाऱ्यालापन."

गेलेल्या माणसाच्या कपड्यांवर भांडं घ्यायचं नाही, हे आमच्याकडेही होतंच. ते दान करतात. आईला हे माहीत नव्हतं असं नाही. पण दादाच्या बाबतीत तो प्रश्न येईल हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

नुसतं "आहे" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. चार वर्षं ती सगळ्या इमारतीला तेच सांगत आली होती, आणि ही तर परकी बाई. मी सवयीने तोंड उघडलंही, "बाहेरगावी असतो" म्हणायला. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्या बाईकडे बघत होती.

"नको घेऊस," आई म्हणाली. "तुझी मुलंबाळं असतील."

तिने डब्यावरचा हात काढला. बोहारणीने शर्टांच्या घड्या जमतील तशा घातल्या, ढीग आईपुढे सरकवला, भांडी टोपलीत भरली आणि जिना उतरून गेली. आईने घड्या मोडून पुन्हा नीट घातल्या आणि कपडे उचलून आत नेले. मी दारातच उभा होतो. खरं सांगायचं तर तेव्हाही मला काही वाटलं नाही.

थोड्या वेळाने मोरीतून पाण्याचा आवाज आला. आई सकाळीच न्हालेली होती. ती बाहेर आली तेव्हा केस ओले होते आणि पदराच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. आमच्यात कुणी गेल्याची बातमी कळली की कळेल तेव्हा डोक्यावरून पाणी घेतात.

"तूही आंघोळ करून घे," ती म्हणाली. "बाबा आले की त्यांनाही सांग."

मी टॉवेल घेऊन मोरीत गेलो.