उजव्या डोळ्यातली ती

माझी बायको गेली तेव्हा घरात तिचे शेकडो फोटो होते आणि भिंतीवर लावण्यासारखा एकही नव्हता.

मी व्यवसायाने फोटोग्राफर आहे. रबाळ्याच्या कारखान्यांसाठी कॅटलॉगचे फोटो काढतो. पडद्यांची कापडं, फरशा, भिंतींचे रंग. या कामात फोटो सुंदर येऊन भागत नाही, रंग जसाच्या तसा यावा लागतो. त्यासाठी काम सुरू करण्याआधी एक कार्ड प्रकाशात धरून त्याचा फोटो घेतात. कार्डावर छोटे रंगीत चौकोन असतात आणि त्यांचे रंग ठरलेले असतात. फोटोत ते जेवढे चुकतील तेवढी दुरुस्ती पुढच्या सगळ्या फोटोंना करायची. नवा दिवा किंवा नवी लेन्स आली की तपासणी घरीच व्हायची आणि कार्ड धरायला मी तिला हाक मारायचो. ती हातातलं काम टाकून यायची, कार्ड हनुवटीखाली धरायची. ‘पोलीस ठाण्यात पाटी धरून उभं करतात तसं वाटतं. गुन्हा काय तेवढं सांग,’ म्हणायची.

तिचे फोटो मी असेच काढले, कामापुरते. लग्नानंतरची सगळी वर्षं त्यात आहेत, पण जवळजवळ प्रत्येक फोटोत हनुवटीखाली ते कार्ड आहे.

तिला यकृताचा आजार झाला आणि तो फार लवकर वाढला. शेवटच्या आठवड्यांत ती पिवळी पडत गेली. आधी डोळ्यांतला पांढरा भाग, मग कपाळ, मग तळहात. रंगातला बारीक फरक ओळखणं हेच माझं काम असल्यामुळे कालच्यापेक्षा आज किती, हे मला नको असताना दिसायचं. सासूबाई रोज शिरवण्याहून यायच्या. नेरूळला आमच्या इमारतीपासून त्यांचं गाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या तिच्या उशाशी बसून तिला पेज भरवायच्या. एकदा मी त्यांना दाराबाहेर गाठून विचारलं, ‘आई, आज जास्त पिवळी वाटते का हो?’

‘नाय ओ. माजी पोर हाय तशीच हाय. जरा सुकलीय, येवडाच.’

मला वाटलं, त्या मला धीर देताहेत.

बाराव्याला फोटो हवा म्हणून नात्यातल्या कुणीतरी माझ्याकडून फाइल घेऊन स्टेशनजवळच्या स्टुडिओतून मोठा करून आणला. अशा ठिकाणी चेहरा उजळ करून देण्याची पद्धतच आहे, वेगळं सांगावं लागत नाही. ती सावळी होती आणि त्या सावळेपणाखाली तांबूस झाक होती. फोटोत गुलाबी-गोरी बाई आली. येणारे जाणारे म्हणत, ‘किती प्रसन्न फोटो आलाय.’ सासूबाईंनी काचेवरून हात फिरवला. सगळे गेल्यावर मी तो उतरवून कपाटात ठेवला.

मग खरा रंग शोधणं एवढंच काम मला उरलं. बाकी कामं मी घेत नव्हतो. स्क्रीनला टेकवायचं एक लहान यंत्र असतं, ते स्क्रीनवरचे रंग मोजून चूक सांगतं. ते लावून मी स्क्रीन दुरुस्त केला. प्रत्येक कागद शाई आपल्या तऱ्हेने पितो, म्हणून कागदाचीही मोजणी केली. ती आजारी पडण्याच्या आदल्या वर्षीचा एक फोटो निवडला. छापून आल्यावर प्रिंटमधला प्रत्येक चौकोन हातातल्या कार्डाशी ताडून पाहिला. सगळे जुळले. म्हणजे चेहराही जुळलाच असणार. नंतर खालचा भाग कापला आणि फ्रेम तिच्या हनुवटीपाशीच संपवली. मला ती जशी हवी होती तशीच ही होती. तिच्या तोंडावर पिवळेपणाचा लवलेश नव्हता.

त्याच सुमारास सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा पुढच्या महिन्यात करायचा होता. डोळ्यात थेंब घालायला कुणी हवं म्हणून मी त्यांना माझ्याकडे घेऊन आलो. संध्याकाळी त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

‘जावाय, ही कोन?’

मला वाटलं, त्यांना दिसत नाही. मी दिवा लावला.

‘दिवा नको. दिसताय मना.’ त्यांनी हाताने उजवा डोळा झाकला, मग डावा. पुन्हा तसंच केलं. ‘ह्या जुन्या डोल्यानं माजी पोर हाय. ह्या नव्यानं कोनतरी परकी बाई. राखेवानी.’

मी त्यांना समजावलं की मोतीबिंदूमुळे डोळ्यातलं भिंग तपकिरी, पिवळट होतं. वर्षानुवर्षं त्यातून बघितल्यावर तेच खरं वाटतं. नवं भिंग स्वच्छ असतं, म्हणून सुरुवातीला सगळं निळसर, फिकं दिसतं.

‘म्हंजे तुमचा खरा आनि माजा खोटा?’

‘तसं नाही, आई. सवय होईल.’

‘सवय होईल म्हंजे इसरीन,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरा डोला नाय करायचा मना.’

मला ते रागातलं बोलणं वाटलं, पण तारीख जवळ आली तरी त्या हलल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की उजवा मोतीबिंदू पिकत चाललाय, आणखी लांबवलं तर ऑपरेशन अवघड होईल आणि डोळ्याला धोका आहे. मी ते त्यांना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

‘गेला तर गेला. तवर ती दिसल ना.’

थोड्या वेळाने त्यांनी खाली बघतच विचारलं, ‘ह्या भिंती मी पिवल्या समजत होते. पांढऱ्या हायेत नाय?’

‘हो.’

‘मंग ती पिवली झालेली का ओ? सगली बोलायची. मना कदी दिसलीच नाय.’

मी हो म्हटलं. किती, ते सांगितलं नाही. त्यांनी निवडलेली मेथी आणि देठ एकाच ताटलीत टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना कामाच्या खोलीत घेऊन गेलो. स्क्रीनवर तोच फोटो उघडला, भिंतीवरची फ्रेम काढून आणली आणि शेजारी, रंग अचूक दाखवणाऱ्या दिव्याखाली ठेवली. म्हटलं, ‘जुन्या डोळ्याने हिच्याकडे बघा. मग तो झाका आणि नव्या डोळ्याने स्क्रीनवर बघा. दोन्ही सारख्या दिसल्या की सांगा.’

‘आनि मंग?’

‘मग तीच छापू. नव्या डोळ्यांनी तुमची तुम्हाला दिसेल.’

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. ‘कापडवाल्यांना असाच फसवता का?’ पण खुर्ची पुढे ओढली.

मी रंग उबदार करू लागलो. ‘अजून,’ त्या म्हणाल्या. मी निळा कमी केला, तसा पिवळा वाढला. ‘अजून.’ हळूहळू कपाळ बदललं, मग गाल. मी हात आखडता घेत होतो आणि त्यांना ते कळत होतं. ‘का थांबलाव? घाला ना.’ डोळ्यांतला पांढरा भाग तरी तसाच ठेवावा म्हणून मी तेवढाच वेगळा राखून बघितला. त्यांनी लगेच ओळखलं. ‘डोले हिचे नायत. कोनाचे लावलेव?’ मग मी तोही बदलू दिला. माझ्यासमोर स्क्रीनवर ती आजारी पडत गेली, त्याच क्रमाने नव्हे, पण त्याच रंगात.

‘हां. थांबा. ही,’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

मी त्यांना सांगितलं की हे कायमचं नाही. काही महिन्यांनी नवा डोळा सरावेल आणि मग हाच फोटो त्यांनाही पिवळा दिसायला लागेल.

‘तवा बगू,’ त्या म्हणाल्या. ‘तवर मना हीच द्या.’

तीच छापली. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्या ठरल्या दिवशी आल्या, वाटेत मला म्हणाल्या, ‘बोललेव तसा नाय दिसला तर बगा हां.’ नंतर त्या आपल्या घरीच राहिल्या. पट्टी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रिंट घेऊन शिरवण्याला गेलो. त्या ओटीवर उजेडात बसल्या होत्या. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, प्रिंट मांडीवर घेतली, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. मग दोन्ही हात खाली ठेवून नुसत्या बघत राहिल्या.

‘दोनी डोल्यांत हाय,’ त्या म्हणाल्या.

मी खांबाशी उभा होतो.

‘तुमी लांब का उबे? या की. बगा.’

मी शेजारी बसलो. त्यांनी प्रिंट आपल्या मांडीवरून माझ्या मांडीवर ठेवली. बाहेरचा उजेड स्वच्छ होता, कुठलाही रंग लपवणारा नव्हता. माझ्यासाठी तो शेवटच्या आठवड्यांतलाच चेहरा होता.

‘चांगली हाय ना?’

‘हो,’ मी म्हटलं. त्यांनी प्रिंट परत मागितली नाही, म्हणून मी ती तशीच धरून बघत बसलो.