वळणावरची ढील

तेलेस्फोरा आर्चुलेता आणि मी एकाच गावच्या, चिमायोच्या. एकसष्ट साली दोघी एकाच बसने डोंगरावरच्या प्रयोगशाळेत कामाला जाऊ लागलो. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालायचा, बोटं सवयीची. म्हणून तिला तारांच्या जुड्या बांधायला बसवलं. उपग्रहासाठी. जगात कुणी चोरून अणुबॉम्ब फोडला, तर तो वरून टिपणार होता.

जुड्या मेणाच्या दोऱ्याने घट्ट आवळा, असा हुकूम होता. तेलेस्फोरा मात्र वळणावर तारेला थोडी ढील सोडायची. एक दिवस तपासणीवरचे व्हिटलॉकसाहेब भडकले.

"बाई, आराखड्यात घट्ट म्हटलंय!"

"साहेब, वर थंडी असणार. थंडीत सगळं आकसतं. जानेवारीत मागावर ताणा जास्त ओढला, की सकाळी तटातट तुटलेला."

"हे घोंगडं नाहीये!"

"नाहीच. घोंगडं तुटलं तर मी सांधीन. वर सांधायला कोण जाणार, तुम्ही?"

आम्ही सगळ्या खो खो हसलो. साहेब लालेलाल झाले. पण माणूस सरळ. एक घट्ट जुडी आणि एक तिची, अशा दोन त्यांनी चाचणीच्या पेटीत ठेवल्या. आत कधी भाजणारी आच, कधी हाडं गोठवणारी थंडी. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. घट्ट जुडीतली तार सांध्यापाशी तुटली होती, तिची जुडी जशीच्या तशी.

"चुकलो मी," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "शिकवाल?"

"बसा."

तासभर घाम गाळून त्यांनी एक जुडी बांधली. तेलेस्फोराने ती उचलून पाहिली. "अहो, माझी आई मिरच्यांची माळसुद्धा याहून नीट बांधते!"

त्याच आठवड्यात आराखडा बदलला.

त्रेसष्टच्या ऑक्टोबरात उपग्रहांची जोडी वर गेली. रेडिओवर बातमी लागली तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात होते. दोन वर्षं पोरगी रेडिओच्या कारखान्यात आहे, असं समजून चाललेल्या आईला तेलेस्फोराने तेव्हा कुठे खरं सांगितलं.

म्हातारीने चुलीवरचं मक्याचं पोसोले ढवळता ढवळता विचारलं, "म्हणजे कुठे धडाम झालं, की ते चहाडी करणार?"

"हो, आई."

"एवढा खर्च कशाला? आपल्या गल्लीतल्या लुगार्दिताला वर बसवायचं होतं. शेजारी ताटली फुटली तरी तिला कळतं!"

त्या दोन उपग्रहांचं आयुष्य सहा महिने धरलं होतं. पाच वर्षं चालले.