शून्यावरचा काटा

माझी स्कूटर शेजारच्या गॅरेजमध्ये उघडून पडली होती, म्हणून मी गाड्या सजवणाऱ्या दुकानासमोर ताटकळत उभी होते. सकाळी सासूबाईंचे रिपोर्ट, मग ऑफिस, मग औषधं. पाय नुसते भरून आले होते. समोर एक लालभडक स्पोर्ट्स कार होती आणि दुकानातले सलीमभाई तिच्या डॅशबोर्डवरच्या मीटरांभोवती चकचकीत रिंगा बसवत होते. उपयोग काही नाही, नुसती शोभा. तरी ते रिंग टेकवायचे, मान वाकडी करून बघायचे आणि पुन्हा काढायचे.

"एकदा चिकटली की हलत नाही, ताई," ते म्हणाले. "जरा आत बसून बघता? सरळ आहे की नाही, ते चालवणाऱ्याच्या जागेवरूनच कळतं."

मी बसले. दिवसभरात पहिल्यांदाच पाठ कशाला तरी टेकली. समोर दोनशे साठपर्यंतचे आकडे होते आणि काटा शून्यावर. मालकानं ही शोभा वेगासाठी घेतली असणार. पण आत्ता ती सजवत होती थांबलेल्या काट्याला. आमच्या घरी मी घटकाभर टेकले, तरी "बरं नाही का?" म्हणून विचारतात. मग बसून राहायचं असेल, तर बरं नाही असंच सांगावं लागतं.

"सरळ आहे ना?" सलीमभाईंनी खिडकीतून विचारलं.

रिंग सरळच होती. बसताक्षणीच दिसलं होतं.

"थांबा," मी म्हटलं, "जरा नीट बघू द्या."