मनीषाची लिंक आणि काकूंचा तांदूळ

मनीषासोबत राहायला लागल्यापासून माझ्याकडे किस्से साठतच चाललेत. तिच्या लॅपटॉपसारखं माझं डोकंही फुल व्हायच्या आत थोडे इथे रिकामे करते. आम्ही दोघी मराठवाड्यातल्या, नोकरी हिंजवडीला, आणि घोटावड्यात काकूंच्या वरच्या खोलीत भाडेकरू.

*

काकूंचे यजमान नाना. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा गेला. त्याआधीचे त्यांचे व्हॉइस मेसेज फक्त काकूंच्या फोनमध्ये. "येवढं जपून ठिव बाय," म्हणत काकूंनी फोन मनीषाच्या हातात दिला.

बॅकअप घ्यायचा तर लॅपटॉपच्या सी ड्राइव्हमध्ये जागा नाही, आणि सॉफ्टवेअर दुसरीकडे जायला तयार नाही. मनीषाने एक कमांड मारली. जुन्या जागी फोल्डरच्या नावाची नुसती लिंक, खरा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर. सॉफ्टवेअरला पत्ताच नाही!

मी काकूंना समजवायला लागले, तर त्याच म्हणाल्या, "कळलं की. पावणं येत्यात आमच्या दारात, अन् निजत्यात तुमच्या खोलीत."

मागच्याच जत्रेत आम्ही दोघी गच्चीवर झोपलो होतो.

*

शेजारच्या खोलीतला अमोल मदतीला फार तत्पर. त्याला तोच बॅकअप सी ड्राइव्हवरही दिसला आणि डिस्कवरही. "डुप्लिकेट आहे, उडवतो," म्हणत त्याने आतल्या सगळ्या फायली सिलेक्टही केल्या.

मनीषाने शांतपणे लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "दारं दोन आहेत अमोल, घर एकच आहे."

*

पावसाळ्यात एकदा बॅकअप अडला. लिंक जागेवर, पण डिस्कच गायब! आम्ही गाद्या उलथ्यापालथ्या केल्या.

"वर लई वल हाय," काकू म्हणाल्या. "म्या तांदळात ठिवलीया."

मी कपाळाला हात लावला. मनीषाने डबा उघडला, केबल आत सोडली, आणि बॅकअप इंद्रायणी तांदळात सुरू झाला. "पाथ तोच आहे," ती म्हणाली. या मुलीला राग कसा येत नाही, मला खरंच कळत नाही.

*

भाताची लावणी चालू असताना काकूंचा फोन खाचरात पडला. चिखलातून काढला, पण तो काही चालू झाला नाही. काकू जेवल्या नाहीत. नाना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

लेकीने दुसरा फोन पाठवला. मनीषाने तांदळातली डिस्क लावून सगळं त्यात उतरवलं. आम्ही पडवीत बसलो होतो, नाना बाजेवर. तिने पहिला मेसेज लावला.

"अगं, कुटं हायेस? वाईच च्या टाक की."

काकू उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.